खाडीत गोड खयसून इला?

“चूक कोणाची, ती तरी सांगा, दाजीनू. माझी की बोटीची?”

दाजी मेस्त धक्क्यावर उपड्या टोपलीवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तू माका इचारतंस, की बोटीक?”

गौरेश बोटीत गुडघ्यांवर बसला होता. कोपरापर्यंत ग्रीस, मानेवर घाम, आणि डोक्यात संताप.

“तुमका.”

“मगे पाना खाली ठेव.”

दाजींची ही रीत साऱ्या खाडीला ठाऊक होती. ज्याच्या हातात पाना, काम त्याचं. त्यानं पाना खाली ठेवून विचारल्याशिवाय दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही, बोटीत पाय तर मुळीच टाकायचा नाही. दाजी सकाळपासून तिथंच होते. आणि गौरेशही सकाळपासून तसं विचारत नव्हता. पोरगा दाजींच्याच हाताखाली शिकलेला, कसबी, पण ताठा असा की भरतीनंसुद्धा याला विचारून यावं.

आता भरती येऊन ओसरायला लागली होती.

बोट साधी नव्हती. मागं दोर बांधून माणसाला पाण्यावरून उभं ओढत नेणारी. पायाला लांब फळ्या बांधायच्या, दोराची दांडी धरायची, आणि बोटीमागं खाडीवरून घसरत जायचं. गौरेशची बहीण उत्तरा त्यात तरबेज होती. उद्या स्पर्धेसाठी निवड करणारी मंडळी याच खाडीवर तिला बघायला येणार होती. खाडीत अशी बोट एकच. ती हलली नाही तर मंडळी आल्या पावली परत जाणार, आणि उत्तरा धक्क्यावरच राहणार.

ती सकाळपासून फळ्या घेऊन उभी होती. घरी आईनं देव पाण्यात घातले होते.

बोटीला किल्ली नव्हती. आकड्यांच्या बटनांची एक पट्टी होती. चार आकडे दाबायचे, हिरवा दिवा लागला की इंजिन सुरू करायचं. गौरेश चार आकडे दाबत होता आणि दिवा लाल लागत होता. पुन्हा दाबत होता, पुन्हा लाल.

“बॅटरी बघलंय,” तो म्हणाला. “फ्यूज बदललंय. वायरी एकूण एक तपासलंय. सगळा बराबर आसा.”

“सगळा बराबर आसा... मगे चालू कित्या होणा नाय?”

गौरेशनं दात आवळले. पाना खाली ठेवण्याऐवजी त्यानं वायरचा एक तुकडा उचलला.

“डायरेक्ट करतंय. बटनांचा झंझटच नको. सरळ वायर जोडलंय की इंजिन चालू होतला.”

“होतला. आणि बंद कसा होतला?”

गौरेशनं वायरचं टोक सोलायला घेतलं.

चालवणाऱ्याच्या मनगटाला एक दोरी असते. तो तोल जाऊन पाण्यात पडला तर दोरी निसटते आणि इंजिन थांबतं. वायर सरळ जोडली की त्या दोरीला काही अर्थ उरत नाही. रिकामी बोट भिरभिरत मागं फिरते.

“पाण्यात कोण आसतली?” दाजींनी विचारलं.

धक्क्यावरून उत्तरा दोघांकडे बघत होती.

...

गौरेशनं वायर टाकून दिली. मग पानाही ठेवला. हातांचं ग्रीस त्यानं मांड्यांना पुसलं.

“बोटीत या, दाजीनू,” तो हळूच म्हणाला. “माका कळणा नाय.”

दाजी उठले. गुडघे धरत, शिव्या घालत बोटीत उतरले. त्यांनी बॅटरी पाहिली नाही, वायरींकडे ढुंकूनही बघितलं नाही. नुसते उभे राहिले.

“काय काय उघडलंस?”

“सगळा.”

“ह्यां?”

दाजींचं बोट बटनांच्या पट्टीकडे होतं.

“तां नवीन आसा. मीच बसवलंय.” गौरेशच्या आवाजात पुन्हा थोडा ताठा आला. “तेका पाण्याचे शिंतोडेसुद्धा काय करूक शकणत नाय.”

पट्टी खरंच नवी होती. त्यानं ती पावसाळ्यात बसवली होती आणि नारळी पौर्णिमेला तिची पूजा केली होती. बाकीच्यांनी बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, नारळ फोडला, इंजिनाला हार घातला. गौरेशनं आपल्या नव्या पट्टीचा मान वेगळा ठेवला. नारळ फोडून त्याचं पाणी तिच्यावर शिंपडलं. शिंपडलं कसलं, ओतलंच. मधल्या पाचाच्या बटनावर कुंकू लावलं, अक्षता चिकटवल्या, हात जोडले. मग हंगाम सुरू होईपर्यंत बोट ताडपत्रीखाली, ती आज सकाळीच बाहेर निघालेली.

ते कुंकू अजून तसंच होतं. देवाचं कुंकू आपणहून गळू द्यावं, पुसू नये, असं आईनं बजावलं होतं. म्हणून दिवसभर तो त्या बटनाला जपत होता. त्याच्या चार आकड्यांत पाच नव्हताही.

दाजी वाकले. पाचाच्या कडेला, रबराच्या फटीत, त्यांनी करंगळीचं नख फिरवलं.

आणि करंगळी चाटली.

गौरेश बघतच राहिला.

“तू पण,” दाजी म्हणाले.

“काय?”

“चाट.”

गौरेशनं बोट फिरवलं, जिभेला लावलं. या बोटीत काहीही चाटलं तरी जीभ खारट व्हायची. दोर खारट, सीट खारट, माणूससुद्धा खारट.

तो थांबला. पुन्हा बोट लावलं.

“गोड...”

“खाडीत गोड खयसून इला?”

पट्टीच्या खालच्या कडेनं मुंग्यांची एक बारीक ओळ चालली होती. दिवसभर त्याच्या नाकासमोर चालली असणार.

“नारळाचा पाणी,” गौरेश पुटपुटला.

त्यानं पाचाचं बटन नखानं चाचपलं. ते आत रुतून बसलं होतं. नारळाचं पाणी सुकून चिकट झालं होतं, आणि पाच तेव्हापासून दाबलेलाच होता. चार आकडे कितीही बरोबर दाबले, तरी पट्टीला ऐकू येत होते पाच.

काम आता उघड होतं. तरी गौरेशचा हात कुंकवाशी येऊन अडला.

“पुसू, दाजीनू?”

“पाना कोणाच्या हातात आसा?”

...

गौरेशनं पाना उचलला. पट्टी सोडवली, मांडीवर घेतली. गोड्या पाण्यात जुना दातांचा ब्रश बुडवून त्यानं रबराची घडी न् घडी घासली. कुंकू गेलं. अक्षता गेल्या. पाण्यावर लाल तवंग आला, तो त्यानं खाडीत सोडला. मग फडक्यानं टिपून, फुंकर घालून, तो एकेक बटन दाबून बघू लागला. पाच वर येईना. त्यानं पुन्हा धुतलं. पुन्हा फुंकर घातली. इतका वेळ, इतक्या शांतपणे, तो कधी कशावर वाकून बसला नव्हता, आणि त्या वेळात त्याच्या डोक्यात राग नव्हता की उद्याची मंडळी नव्हती. फक्त पाच होता.

टक् करून पाच वर आला.

“होतला मा रे, दादा?” उत्तरानं धक्क्यावरून विचारलं.

“फळयो बांध!”

त्यानं पट्टी परत जागेवर बसवली. चार आकडे. हिरवा दिवा. इंजिन खाकरलं आणि सुरू झालं.

गौरेशनं मनगटाला दोरी बांधली. दोर ताणला गेला, उत्तरा पाण्यातून वर उठली, आणि पार खाडीच्या तोंडापर्यंत उभीच्या उभी गेली. परत आली तेव्हा दमली होती आणि हसत होती. गौरेशला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही.

उत्तरा फळ्या घेऊन घरी गेली. दाजी पुन्हा आपल्या टोपलीवर बसले होते. गौरेश त्यांच्यापाशी आला. बोटांना अजून लाली होती, हातात तो जुना ब्रश होता.

“दाजीनू... पुनवेची पूजा मी माझ्या हातान पुसून टाकलंय. आता आईक काय सांगू?”

दाजींनी त्याच्या हातातला ब्रश घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

“आणि आता इतको वेळ वाकान करी होतंस... ती काय होती?”