हिरव्या चहाचा अर्क

"हे मला कोण देणार?"

भंतेंनी नेमकं असंच विचारलं होतं का, याची डॉ. उकिडव्यांना आता खात्री देता येत नाही. कदाचित शब्द वेगळे असतील. तापानं भंतेंचा आवाज बसला होता आणि बाहेर वारा होता... की नव्हता? बाटली मात्र फळीवर होती, एवढं पक्कं.

कांगड्याच्या चहामळ्यांच्या वर एक लहानसा विहार होता. भंते शीलरत्न मूळचे भंडाऱ्याचे, तिथे एकटेच राहत. उकिडवे दरवर्षी त्यांच्याकडे ध्यानाला जात. त्या वर्षी खोऱ्यात तापाची साथ होती. मळ्यातली माणसं पटापट जात होती. भंतेही अंथरुणाला खिळले होते आणि खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात टेकले होते.

हिरव्या चहातल्या द्रव्यांवर उकिडव्यांनी उभी हयात घालवली होती. प्रयोगशाळेत काढलेला दाट अर्क ते सोबत घेऊन आले होते. हा अर्क विषाणूच्या कवचाला कसा चिकटतो आणि मग विषाणूला पेशीत कसं शिरता येत नाही, हे ते बराच वेळ समजावत राहिले.

भंते डोळे मिटून ऐकत होते.

"हे कुठे पाहिलंत तुम्ही?"

"काचेच्या बशीत, भंते. पेशींवर."

"ताप उतरला त्यांचा?"

"पेशींना ताप नसतो."

"मग बरं आहे त्यांचं."

माणसाला अजून दिलेलं नाही, हे उकिडव्यांनी लपवलं नाही. पोटातून रक्तात किती उतरेल, ठाऊक नव्हतं. उपाशीपोटी यकृताला बाधेल अशीही शंका होती, आणि भंतेंच्या पोटात कित्येक दिवस अन्न नव्हतं. म्हणून निर्णय तुमचा, असं ते म्हणाले. त्यांच्या शास्त्राचा नियमच तसा होता. न तपासलेलं औषध माणसानं समजून-उमजून, आपल्या मर्जीनं घ्यायचं. देणाऱ्यानं आग्रह करायचा नाही.

त्यांनी बाटली फळीवर, भंतेंच्या हाताला येईल अशी ठेवली.

"वाटलं तर घ्या, भंते."

भंतेंनी बाटलीकडे पाहिलं. हात लावला नाही. तो प्रश्न त्यांनी विचारला तो तेव्हा.

"कुणी कशाला? तुम्हीच घ्यायचं," उकिडवे म्हणाले.

"दिल्याशिवाय मला घेता येत नाही."

उकिडवे चपापले. गुरू आपल्याला पारखताहेत, असं त्यांना वाटलं. विद्येवर एवढा विश्वास असेल तर स्वतःच्या हातानं दे, असंच ना?

त्यांनी बाटली उचलली.

भंतेंनी ओंजळ पुढे केली.

...

उकिडव्यांनी बाटली पुन्हा फळीवर ठेवली.

"माझी खात्री होत नाही, भंते."

ओंजळ तशीच राहिली. मग हळूच खाली गेली.

"तांब्या भरून जवळ ठेवा," भंते म्हणाले. "पाणी माझं मला घेता येतं."

आठवड्याच्या आत भंते गेले. बाटलीचं सील तसंच होतं.

पुढे उकिडव्यांनी हा प्रसंग कितीतरी व्याख्यानांत सांगितला. मरणाच्या दारातही गुरूनं शास्त्रज्ञाचा गर्व कसा उतरवला, असं ते सांगत. तो अर्क भंतेंना वाचवू शकला असता का, हे त्यांना कधीच कळलं नाही. बशीतलं यश माणसात सिद्ध झालंच नाही.

निवृत्तीनंतर नागपूरला पालीचे एक प्राध्यापक भेटले. बोलता बोलता निघालेल्या गोष्टीची उकिडव्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग घरी येऊन मूळ ग्रंथातही पाहिली.

भिक्षूला कुणी हातात दिल्याशिवाय काहीही तोंडात घालता येत नाही. औषधसुद्धा. अपवाद दोनच, पाणी आणि दातवण.