सोन्याच्या वासराचा कान

मिसर देशातून निघालेल्या लोकांनी रानात, डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकले होते, तेव्हाची ही गोष्ट. बायकांनी दिलेली कुंडलं वितळवून त्यांनी सोन्याचं वासरू घडवलं आणि ते त्यापुढे लोटांगणं घालू लागले.

तिर्सा म्हातारीच्या खऱ्याखुऱ्या वासराला त्याचं भारी नवल वाटलं. त्यानं जवळ जाऊन सोनं हुंगलं, चाटून पाहिलं. “तुझी आई कुठाय रे? तुला भूक नाही लागत?”

उत्तर नाही. मग लोकांनी सोन्याच्या वासरापुढे वाहिलेला हिरवा चारा खऱ्या वासरानंच फस्त केला.

“देव जेवला!” चारा संपलेला पाहून लोक नाचू लागले. “आता बळी हवा!” आणि त्यांनी तिर्साचंच वासरू बांधलं.

म्हातारी धावत आली. “देवा, माझं एकुलतं वासरू सोड,” ती सोन्याच्या कानाशी लागून म्हणाली. पुन्हा म्हणाली. सोनं नुसतं चकाकत राहिलं.

बांधलेल्या वासरानं मात्र तिचा आवाज ऐकताच कान टवकारले आणि ते हंबरलं.

तिर्सानं कुंडलांविना ओक्याबोक्या झालेल्या आपल्या कानांना हात लावला, आणि दोरीची गाठ सोडायला घेतली.

“अगं, देव कोपेल!” पुजारी ओरडला.

“कोपायला आधी ऐकू यावं लागतं, बाबा,” म्हातारी म्हणाली.