मनातली ढाल

धुक्यात बुडालेल्या एका गावात सुगंधा चितारीण गोल पत्ते रंगवायची. तिथल्या राजा उदयभानाला त्या पत्त्यांवर लढाई खेळायचा भारी नाद. नियम साधा होता. दोघांनी पत्ते पालथे ठेवायचे आणि आपल्या पत्त्याची शक्ती तो उलटण्याआधी मोठ्याने सांगायची. उलटल्यावर सांगितलेली शक्ती वाया.

एके सकाळी राजाने गावाचं कमळतळं मागितलं. तो सुगंधाला म्हणाला, "डाव जिंकलीस तर तळं तुमचं, नाहीतर ते माझ्या बागेत जाईल."

तळ्यातल्या मंडपात डाव बसला. धुकं इतकं दाट होतं, की मंडप पाण्यावर तरंगतोय असं वाटावं. राजाने हल्ला पुकारला. सुगंधा मोठ्याने म्हणाली, "भोवरा." पत्ते उलटले. राजाचा हत्ती निघाला, सुगंधाचा नावाडी. भोवऱ्यात हत्ती बुडालाच!

"थांब!" राजा ओरडला. "माझ्या हत्तीला ढाल आहे!"

"महाराज, पत्ते उलटले की."

"मी मनात आधीच म्हटलं होतं. राजाच्या मनात आलं, म्हणजे ते खेळलं गेलं. काय गं, मान्य?"

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. या तळ्यातली कमळं तोडून पोट भरणाऱ्या गावातल्या बायका काठावर उभ्या होत्या, त्यांचे चेहरे उतरले.

"मान्य," सुगंधा म्हणाली. "पण खरं सांगा, नावाडी दिसताच मनात 'हरलो' असं आलं ना?"

"आलं क्षणभर. कुणाच्याही येईल!"

"मग तेही खेळलं गेलं, महाराज. ढाल हत्तीला वाचवील, पण हार मानलेल्या राजाला कशी वाचवणार?"

राजाने आपला हत्तीचा पत्ता उचलून सुगंधापुढे सरकवला. मग हसला आणि म्हणाला, "बायांनो, उतरा तळ्यात. कमळं उमललीत."