निरभ्र दुपारचा वास

त्या राज्यात धूर खाली राहत असे आणि खोकला वर.

खाली खोरे होते. तिथे दौलतराव रानडुकराच्या कोळशाच्या भट्ट्या होत्या आणि साऱ्या राज्याच्या चुली त्याच्याच कोळशावर पेटत. वर डोंगरमाथा होता. तिथे भट्टी नव्हती, धूर नव्हता. आकाश घासून ठेवल्यासारखे निळे असे. तरीही गेले दोन उन्हाळे माथ्यावरच्या रहिवाशांचे डोळे दुपार झाली की चुरचुरत, घसे खवखवत, आणि घेवड्याच्या पानांवर सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके उमटत. पाने वेळेआधी गळत. शेंगा भरत नसत.

कुणाला तरी दोष द्यायला हवा होता, आणि मधमाश्या त्यासाठी सोयीच्या होत्या. त्या पानापानावर बसत, आणि उडता उडता त्यांच्या विष्ठेचे पिवळे थेंब खाली पडत, हे सर्वांनी पाहिले होते. राज्याचा कारभार पाहणाऱ्या वृद्ध हत्तिणीने, जिला सगळे आईसाहेब म्हणत, मधमाश्यांना राज्याबाहेर घालवण्याचा हुकूम तयार करवून घेतला. फक्त जाणकाराचा दाखला जोडायचा बाकी होता.

वासाच्या बाबतीत त्या राज्यात गोजरा चिचुंद्रीएवढे जाणकार कुणी नव्हते. तिला दिसे थोडेच, पण पावसाआधीची माती आणि पावसानंतरची माती ती झोपेतही वेगळी ओळखत असे. तिच्या स्वतःच्या अंगाला मात्र असा दर्प होता, की पंगतीत तिच्या शेजारचा पाट नेहमी रिकामा राही. गोजराने ते कधी फारसे मनावर घेतले नाही. रिकाम्या पाटावर ती आपली टिपणे ठेवी.

"ठिपके मधमाश्यांचेच आहेत, एवढं लिहून द्या, गोजराबाई," आईसाहेब म्हणाल्या. "महिन्याची मुदत आहे."

"आधी हुंगून बघते," गोजरा म्हणाली. "मग लिहिते."

माथ्यावर गेल्यावर पहिल्याच दिवशी तिला कळले की मधमाश्यांचा थेंब पाण्याने धुतला की निघतो, पण तो तपकिरी ठिपका निघत नाही. तो पानावर नव्हता. पानाच्या आत होता. दुसऱ्या दिवशी तिला एकावर एक पडलेली दोन पाने सापडली. खालच्या पानाचा जेवढा भाग झाकला गेला होता तेवढा हिरवागार होता, आणि उन्हात उघडा राहिलेला भाग ठिपक्यांनी भरलेला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिला तो वास आला. जवळच कुठे वीज पडल्यावर क्षणभर हवेत राहतो, तसा तिखट, स्वच्छ वास. आकाशात ढगाचे एक बोटही नव्हते.

हे तिने सांगितले तेव्हा माथ्यावरची साळिंदरे मनापासून हसली. "तो तुमचाच असेल, बाई."

गोजराने ही शंका रीतसर तपासली. तिने झऱ्यावर तीनदा अंघोळ केली, अंगाला निरगुडीचा पाला चोळला आणि वाऱ्याकडे तोंड करून बसली. दुपारी वास आलाच. तिने टिपणात नोंद केली: माझा नव्हे.

कड्यावर एक म्हातारे गिधाड राहत असे. तरुणपणी ते इतके उंच उडे, की खालून दिसेनासे होई. गोजराने त्याला त्या वासाबद्दल विचारले.

"ओळखतो मी त्याला," गिधाड म्हणाले. "वर, अगदी वर, त्याचं छत घातलेलं आहे. उन्हातली आग गाळून मगच तो ऊन खाली सोडतो. तिथे तो राखणदार आहे."

"मग राखणदार खाली उतरून पोरांचे घसे का धरतोय?"

"वरचा आपली जागा सोडून इतक्या खाली येत नाही. तुमच्याकडे कुणीतरी नवा तयार करतंय."

गोजरा परतताना वाटेत दोनदा दगडाला धडकली, इतकी ती खूश होती. तयार करायला काहीतरी कच्चा माल लागतो, आणि राज्यात तो एकाच ठिकाणाहून निघत होता. तिने भट्ट्यांपासून माथ्यापर्यंतच्या वाटेवर टप्प्याटप्प्याने घेवड्याची वाढलेली रोपे लावली. जितकी भट्टी जवळ तितके ठिपके जास्त, असे दिसेल याची तिला खात्री होती.

दिसले उलटेच. भट्टीच्या दारातल्या पानांवर काजळी बसली होती, पण ती पुसल्यावर एकही ठिपका नव्हता. वाट जसजशी चढत गेली तसतसे ठिपके वाढत गेले.

गोजरा त्या संध्याकाळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आईसाहेबांच्या बैठकीत मात्र कुणी विचारायच्या आत तिने स्वतःच हे सांगून टाकले. दौलतराव मनाने वाईट नव्हता. त्याने तिच्या खरेपणाचे कौतुक केले आणि मग समजावणीच्या सुरात म्हटले, "माझा धूर तुम्हीच बघा. अर्ध्या डोंगरावर जातो न जातो तोच विरून जातो. जी वस्तू उरलीच नाही तिचा त्रास कसा होईल?"

"विरतो म्हणजे कुठे जातो, तेवढंच मला कळायचं राहिलंय," गोजरा म्हणाली. सभा हसली.

बाहेर राणीमाशी थांबली होती. "तुम्ही ती एक ओळ लिहिली असती तर तुमचं काम कधीच संपलं असतं."

"तुम्ही गेलात तरी ठिपके राहिले असते."

"आम्ही जायचं तरी कुठे?"

गोजराने पुन्हा माथ्याची वाट धरली. मुदतीचे पंधरा दिवस उरले होते.

त्याच आठवड्यात दौलतरावाच्या लेकीचे, चंद्राचे लग्न निघाले. माथ्यावरच्या रानडुकरांच्या एका खात्यापित्या घरात तिला दिले होते. भट्टीवरचे झाडून सारे कामकरी मांडवात लागले आणि नऊ दिवस भट्ट्या थंड राहिल्या. राज्यभर सनई वाजत होती, माथ्यावर पंगती उठत होत्या, आणि चौथ्या दुपारी गोजरा पानावरची जिलबी तशीच टाकून उठली. हवेत वास नव्हता. पाचव्या दुपारी नव्हता, सहाव्या दुपारीही नव्हता. मधमाश्या मात्र त्याच फुलांवर रोजच्यासारख्या होत्या. घेवड्याला आलेली नवी पाने धुतल्यासारखी हिरवी उघडली.

तिने आईसाहेबांना निरोप धाडला: भट्ट्या पेटतील त्या दिवशी माथ्यावर या, सोंड मोकळी ठेवून.

त्या दिवशी सकाळी भट्ट्या पेटल्या. सारे माथ्यावर जमले होते. सकाळभर काही झाले नाही. साळिंदरे जांभया देऊ लागली. ऊन चढले, खोऱ्यातून वारा वर येऊ लागला. भर दुपारी आईसाहेबांनी सोंड उचलली, थांबल्या, आणि अशा शिंकल्या की समोरच्या तीन साळिंदरांचे काटे उभे राहिले.

"शिजायला वेळ लागतो," गोजरा म्हणाली. "धूर निघतो तेव्हा कच्चा असतो. वारा त्याला वर आणतो आणि ऊन वाटेत त्याला शिजवतं. चूल खाली, पण वाढप इथे होतं."

"मग भट्टीच्या दारात पानं चांगली कशी?" आईसाहेबांनी डोळे पुसत विचारले.

"ताजा धूर हे तयार झालेलं खाऊन टाकतो. भट्टीशी ते टिकतच नाही. दूर गेल्यावर खायला कुणी उरत नाही."

आईसाहेबांनी मधमाश्यांचा हुकूम तिथेच फाडला. पोळ्यापोळ्यांतून असा गुंजारव उठला की काही वेळ कुणाला कुणाचे ऐकू येईना, आणि राणीमाशीने स्वतः गोजराच्या पाटाशेजारी मधाचा द्रोण आणून ठेवला. त्या दिवशीच्या पंगतीत गोजराच्या दोन्ही बाजूंना कुणी ना कुणी बसले होते. साळिंदरांनी नाक जरा वळवले, पण बसली.

भट्ट्यांचे मात्र पुढच्या बैठकीत पाहू, असे ठरले. चुली तर पेटायलाच हव्या होत्या. दौलतराव खांदे उडवून म्हणाला, की बाईंचे बोलणे हुशारीचे आहे, पण जे दिसत नाही त्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

महिन्याभराने तो लेकीला भेटायला माथ्यावर आला. गोजरा तिथेच अंगणाच्या कडेला घेवड्याची पाने उलटून पाहत होती. जेवण झाल्यावर दौलतराव ओट्यावर ऐसपैस बसला आणि म्हणाला, "काय झकास हवा आहे."

"आबा, दुपारचं बाहेर नका बसू," चंद्रा म्हणाली. "आत चला." पुढचे बोलणे खोकल्यात गेले. ती हसली, डोळे पुसले, आणि पुन्हा खोकली.

दौलतरावाने खाली खोऱ्याकडे पाहिले. मालक नसताना काम मागे पडू नये म्हणून मुकादमाने आज जोर लावला असावा. सगळ्या भट्ट्या एकदम पेटल्या होत्या. तिथून धूर उठला, जाड, काळा. चढणीला लागला, पांढुरका झाला. अर्ध्या डोंगरावर विरला. त्यापुढे नुसते लख्ख ऊन होते. दौलतरावाची नजर मात्र तिथे थांबली नाही. जिथे काहीच नव्हते तिथून ती त्याच चालीने पुढे सरकत राहिली: खडक, निरगुडी, कुंपण, घेवड्याचा वेल, अंगण, लेकीचे जोते.

गोजराने हातातले पान खाली ठेवले. दौलतराव उठला होता. त्याने खांद्यावरचे उपरणे काढले आणि त्या निळ्या, निरभ्र, स्वच्छ दुपारी ते लेकीच्या नाकातोंडावर घट्ट धरले.