दोन किलो जास्त

एकदा एका वृद्ध वस्तादांनी आपल्या शिष्येच्या डोक्यावरचं वजन वाढवलं, आणि तेही नेमकं ती दोनदा हुकल्यावर. ऐकणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्याची बुद्धी नाठी झाली. त्या दिवशी खुद्द शिष्येलाही तसंच वाटलं होतं.

शिष्येचं नाव इंदू कणसे. कृष्णाकाठच्या एका छोट्या गावात, तेलाच्या घाण्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये धोंडीराम वस्तादांनी तिला घडवलं. आज इंदूबाई स्वतः मुलींना शिकवतात; त्यांच्याकडे रबरी चौथरा आहे, चकचकीत परदेशी दांडा आहे. जीव मात्र अजून त्या शेडमध्येच अडकलेला. बैलगाडीचा कणा हाच तिथला पहिला दांडा. पेंडीचा वास अंगाला असा चिकटायचा, की घरी गेल्यावर म्हैस दावं ओढायची. काय दिवस होते ते!

त्या शेडमधून इंदू थेट जागतिक स्पर्धेला गेली. सोबत धोतर, कोट आणि मफलर अशा थाटात वस्ताद.

स्नॅच म्हणजे वजन एका दमात जमिनीवरून डोक्यावर नेणं. त्यात प्रत्येकीला तीन संधी. तिन्ही हुकल्या तर स्पर्धेतूनच बाद, नावापुढे शून्य. निवडीच्या वेळी इंदूनं आपल्याच मैत्रिणीला एका किलोनं मागं टाकलं होतं. आता शून्य घेऊन तिच्यासमोर कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

इंदूनं चौऱ्याऐंशी किलो मागितले. सरावात रोज उचलायची ती. पण पहिल्यांदा दांडा पाठीमागे गेला. हलकं वजन मागणाऱ्या आधी उचलतात. तशी आता कुणी उरलीच नव्हती. त्यामुळे दोनच मिनिटांत पुन्हा तिची हाक आली. ती चौथऱ्यावर धावतच गेली, आणि दांडा पुढे आदळला.

उरली एक संधी. मागितलेलं वजन कमी करता येत नाही, हाही नियमच. वस्ताद सावकाश पंचांच्या मेजापाशी गेले आणि आकडा बदलून आले. शहाऐंशी!

संघाच्या व्यवस्थापिका धावत आल्या. "अहो वस्ताद, जे दोनदा झेपलं नाही त्यात आणखी भर? पोरीचं वाटोळं करताय तुम्ही!"

"बाई, तुम्ही जरा पाणी प्या," वस्ताद म्हणाले.

त्यांनी इंदूची खुर्ची भिंतीकडे वळवली, तिच्या खांद्यावर स्वतःचा कोट टाकला आणि विचारलं, "काय गं, तुमच्या परड्यातली चिंच अजून गाभुळते का?"

"वस्ताद, इथं माझा जीव चाललाय आणि तुम्हाला चिंच सुचतेय?"

"गाभुळते का नाही, तेवढं सांग."

"गाभुळते की. पण वानरं ठेवतात कुठं! परवा आईनं गोफण फिरवली, तर दगड सरपंचांच्या कौलांवर. सरपंच लुंगीवरच बाहेर!"

इंदूला हसू आवरेना. तिकडे पंचाऐंशी मागणाऱ्या दोघींच्या पाळ्या चालल्या होत्या. एकीची हुकली, तिनं पुन्हा घेतली. अशी सहा मिनिटं गेली. इंदूचं सरपंच-पुराण काही संपेना.

हाक आली. ती चालत गेली. शहाऐंशी किलो वर गेले आणि पंचांची खूण होईपर्यंत वरच राहिले. पुढचा, दोन टप्प्यांत वजन उचलायचा प्रकारही तिनं निभावला. पदक नाही मिळालं, नववी आली. पण नावापुढे शून्य नव्हतं.

संध्याकाळी जेवताना तिनं विचारलंच, "वस्ताद, वजन का वाढवलंत?"

"पोरी, चौऱ्याऐंशी तुला जड नव्हते. पहिलं पडलं ते भीतीनं, दुसरं पडलं ते पहिल्याच्या रागानं. लगेच तिसऱ्याला पाठवली असती, तर तू त्या दोन्हींची लाज उचलायला गेली असतीस. ती कुणाला उचलते? तुला श्वास हवा होता. तिथं तो मागून मिळत नाही, भार वाढवला तरच मिळतो. म्हणून वाढवला."

इंदू हळूच म्हणाली, "आणि तेही पडलं असतं तर?"

"तर पडलं असतं. पण घाबरून पडलेली पोर तालमीकडे पुन्हा फिरकत नाही, आणि शांतपणे पडलेली दुसऱ्या दिवशी सकाळी हजर असते. मला पदक नको होतं गं. मला तू परत हवी होतीस."

इंदूचे डोळे भरून आले. तिनं हात धुतले आणि ती त्यांच्या पाया पडली.

वस्ताद जाऊन आता बरीच वर्षं झाली. इंदूबाईंच्या मुली पुढे पुष्कळ पदकं घेऊन आल्या, ती सगळी कपाटात आहेत. पण कधी एकट्या बसल्या, की इंदूबाईंना वाटतं, भिंतीकडे तोंड करून काढलेल्या त्या सहा मिनिटांवरून ही सारी ओवाळून टाकावीत.