जळते तळे

फार पूर्वी एका राजवाड्यामागे एक मोठे तळे होते आणि त्या तळ्यातली कमळे खुडणारी एक बाई होती. रोज उजाडायच्या आत ती कमरेइतक्या पाण्यात उतरायची आणि ओली टोपली देवळात पोचवायची. तिच्या आईने हेच केले, आजीनेही हेच. या कामाचा तिला भारी अभिमान होता.

दर दसऱ्याला दरबारात एक जुने काव्य वाचत. त्यात कवीला पडलेल्या स्वप्नाची ओळ होती: 'जळते तळे मी स्वप्नी देखिले, राजा उभा कर जोडोनिया.' इतकी वर्षे सगळे नुसत्या माना डोलवायचे. अर्थ विचारून अडाणी कोण ठरणार? त्या वर्षी मात्र राजाने विचारला.

राजपंडितांनी स्वप्नफळांची पोथी उघडली. "महाराज, जळतं तळं म्हणजे शत्रूची आग. हात जोडणं म्हणजे शरणागती. अरिष्ट टाळायचं तर तळं फोडून कोरडं करावं."

राजा घाबरला. दुसऱ्याच दिवशी बांध फोडावा, असा हुकूम त्याने दिला.

दवंडी कमळवालीने ऐकली. तळे गेले की तिचे सगळेच गेले. ती तडक दरबारात आली. "महाराज, उद्या उजाडताना तळ्यावर या. मग काय ते फोडा."

"तुला काव्यातलं काय कळतं?" पंडित म्हणाले.

"काव्याचं राहू द्या, मला तळं कळतं. तुम्ही ते कधी सकाळी बघितलंय?"

स्नान, पूजा, न्याहारी आटोपून पंडित बाहेर पडत तोवर दुपार व्हायची आणि कमळे मिटलेली असायची. राजाही काही लवकर उठणाऱ्यांतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोघे डोळे चोळत काठावर आले. पाण्यावर धुके होते. सूर्य वर आला तशी शेकडो लाल कमळे उमलली, त्यांच्यावर ऊन पडले आणि चुलीतून धूर निघावा तसे धुके वर निघाले. सारे तळे पेटले होते.

पंडितांनी हळूच शेजारी पाहिले. राजाचे हात आपोआप जोडले गेले होते.

राजाच्याही ते ध्यानात आले. तो हसला. "पंडितजी, पोथी मिटा. बांधाला कुणी हात लावायचा नाही." मग त्याने कमळवालीला विचारले, "बाई, हा अर्थ तुला कुणी शिकवला?"

"शिकवायचं काय त्यात, महाराज?" ती ताठ मानेने म्हणाली. "कवी जिथं उभा होता, तिथं मी रोज उभी असते."

आणि ती पाण्यात उतरली. देवळात फुले पोचायला उशीर होत होता.

पुढच्या दसऱ्यापासून ते काव्य तळ्याच्या काठी, उजाडताना वाचू लागले. पहिला मान कमळवालीचा असे.

तात्पर्य: कवीच्या स्वप्नाचा अर्थ सांगण्याआधी, त्याने जे पाहिले ते आपणही एकदा पाहून यावे.