मधले आसन

एकदा एका नगराची बाजारपेठ जळाली. त्या नगरात दोन पंथ पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. एकाचा मठ टेकडीवर होता, दुसऱ्याचा नदीकाठी. एका उत्सवात टेकडीवरच्या महंतांनी आपल्या भक्तांना सांगितले, की नदीकाठचे लोक तुमच्या ताटातला घास पळवतात. त्याच दिवशी नदीकाठच्या स्वामींनी आपल्या भक्तांना सांगितले, की टेकडीवाले तुम्हाला या नगरात उपरे समजतात. प्रवचने आटोपून दोघेही पालखीत बसले आणि आपापल्या मठात सुखरूप पोचले. इकडे बाजार पेटला.

त्या बाजारात मैनाबाई सूत विकत असे आणि तिच्या शेजारी कुशाबा रंगाऱ्याचे दुकान होते. ती टेकडीच्या पंथाची, तो नदीकाठचा. दोन्ही दुकानांची भिंत एकच होती. मैनाबाईकडे सूत घ्यावे आणि तिथल्या तिथे शेजारी रंगवायला टाकावे, ही गिऱ्हाइकांची जुनी रीत. आग लागली तेव्हा मैनाबाईचा नवरा आत अडकला. कुशाबाने त्याला बाहेर ओढून काढले. नवरा वाचला नाही, आणि कुशाबाच्या हातांची बोटे आखडली ती कायमची.

नगराचा प्रमुख एका वृद्ध आचार्यांचा शिष्य होता. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगायला हवे. वाईट माणसाच्या गोष्टीतून आपण काही शिकत नाही, कारण आपण स्वतःला वाईट समजत नाही. या प्रमुखाने मनापासून खपून बाजार पुन्हा उभा केला. दगडी ओटे बांधले, छपरे घातली, मधोमध मोठा चौक ठेवला.

काम चालू असताना मैनाबाई आणि कुशाबा त्याला भेटायला आले. आचार्यही त्या वेळी तिथे बसले होते.

"सरकार, आमचं मागणं एकच आहे," मैनाबाई म्हणाली. "दुकानं पहिल्यासारखी शेजारी-शेजारी द्या. कुशाबाभाऊंना आता ओलं सूत पिळता येत नाही. ते रंगवतात, मी पिळून देते. लांब गेलो तर कसं जमायचं?"

कुशाबा हात उपरण्याखाली घेऊन उभा राहिला.

"मिळेल," प्रमुख म्हणाला. "माझा शब्द आहे."

उद्घाटनाचा दिवस ठरला, तेव्हा प्रमुख स्वतः आचार्यांच्या आश्रमात निमंत्रण घेऊन गेला.

"मंचावर आणखी कोण आहे?" आचार्यांनी विचारले.

"महंत आहेत. आणि स्वामीही."

"ज्यांच्या बोलण्यानं बाजार जळाला, त्यांच्याच हातून तो उघडणार?"

"गुरुजी, त्यांना बाहेर ठेवलं तर ते बाहेरून काड्या टाकतील. आत घेतलं की निदान डोळ्यांसमोर राहतात. शिवाय एकालाच बोलावलं असतं तर पक्षपात झाला असता. मी दोघांनाही बोलावलंय. समतोल साधला."

"मग माझं काय काम?"

"तुम्ही दोघांच्या मधे बसा. ते शेजारी बसले तर काय भडका उडेल, सांगता येत नाही. तुमचा मान दोघंही राखतात."

"येईन," आचार्य एवढेच म्हणाले.

त्या दिवशी सारे नगर चौकात लोटले. मंचावर तीन उंच आसने मांडली होती. खाली लोकांच्या मधून एक जाड दोर बांधला होता. दोराच्या एका अंगाला टेकडीचे लोक, दुसऱ्या अंगाला नदीकाठचे. ठिकठिकाणी शिपाई उभे होते. प्रमुख पुढे येऊन ऐक्यावर बोलू लागला. तो चांगला वक्ता होता. लोक टाळ्या वाजवत होते.

आचार्य मधल्या आसनावर होते. महंत त्यांच्या पुढून किंचित झुकले आणि पलीकडच्या स्वामींना हलक्या आवाजात म्हणाले, "दुकानांच्या रांगा वेगळ्या झाल्या, हे उत्तम झालं. तो जुना सरमिसळ बाजार फार वाईट. आमची माणसं तुमच्या माणसांच्या ओट्यावर गप्पा मारत बसायची. मग मठातून निरोप गेला तरी जागची हलायची नाहीत."

"आमच्याकडेही तेच दुखणं होतं," स्वामी म्हणाले. "मी प्रमुखांना स्पष्ट कळवलं, रांगा वेगळ्या करा, तरच येतो."

"अहो, मीही तेच कळवलं!"

दोघेही गालात हसले. स्वामींनी कमरेची चांदीची डबी उघडली, आचार्यांच्या समोरून हात लांब केला आणि महंतांना एक लवंग दिली. महंतांनी ती आनंदाने तोंडात टाकली.

आचार्यांनी समोर नीट पाहिले. चौकाच्या पूर्वेला टेकडीवाल्यांची दुकाने होती, पश्चिमेला नदीकाठच्यांची. गर्दीत दोराच्या या बाजूला मैनाबाई उभी होती. कुशाबा पार तिकडे, शेवटच्या ओट्याला टेकून बसला होता. त्याचे मंचाकडे लक्ष नव्हते.

आचार्य उठले. प्रमुखाचे भाषण चालूच होते. त्यांनी स्वामींना हात जोडले आणि म्हणाले, "महाराज, आपण या आसनावर सरकावं. माझ्यामुळे आपल्याला हात फार लांबवावा लागतो."

स्वामींना नाही म्हणता येईना. ते मधल्या आसनावर आले. आचार्य मंचाच्या पायऱ्या उतरले आणि खाली दोराजवळ जमिनीवर जाऊन बसले. प्रमुखाचे भाषण अर्ध्यावर थांबले. महंत आणि स्वामी आता खांद्याला खांदा लावून बसले होते. ते पाहून लोकांना गहिवरून आले. "केवढा मनाचा मोठेपणा!" असे म्हणत त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. टाळ्या वाजवणारे मात्र आपापल्या बाजूलाच उभे होते.

सोहळा संपताच प्रमुख आश्रमात आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"गुरुजी, भर सभेत तुम्ही जागा सोडलीत! त्या दोघांत काही झालं असतं तर?"

"काय झालं असतं?"

"मैनाबाईला दिलेला शब्द मी मोडला, हे मला कळतं. पण तेवढ्यानं नगराला शांतता मिळत असेल तर…"

"बस," आचार्य म्हणाले. "तुला वाटलं, आग त्या दोघांच्या मधे आहे. म्हणून तू मला तिथे बसवलंस. अरे, त्यांच्यात भांडण नाहीच. दोघांचा धंदा एक आहे. त्यांना एकमेकांचं भय नाही, त्यांना भय आहे मैनाबाईचं आणि कुशाबाचं. ती दोघं एका भिंतीला टेकून काम करताना दिसली, की यांचं प्रवचन तिथल्या तिथे खोटं पडतं. ज्यांना शेजारी बसवायचं, त्यांना तू दूर केलंस, आणि ज्यांना दूर ठेवायचं, त्यांना मानानं जवळ आणलंस. आणि समतोल म्हणशील, तर दोन्ही पारड्यांत दगड टाकले की काटा मधोमध येतोच. त्यानं कुणाच्या पदरात दाणा पडत नाही."

प्रमुख खाली बसला. मग म्हणाला, "मी उद्याच रांगा मोडतो."

"मोड. पण आता ते सोपं राहिलं नाही, एवढं लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवशी प्रमुखाने हुकूम काढला. त्याच दुपारी दोन्ही मठांनी मिळून दवंडी पिटवली, की धर्मगुरूंच्या साक्षीने झालेली व्यवस्था बदलणे हा दोन्ही पंथांचा अपमान आहे. आजवर त्या दोन मठांनी मिळून एखादी पाणपोईसुद्धा घातली नव्हती. प्रमुखाचे सहकारी म्हणू लागले, जाऊ द्या, दोन दुकानांसाठी कशाला?

तरीही तो स्वतः कुशाबाच्या दुकानी गेला. दारासमोर नदीकाठची काही तरणी पोरे हाताची घडी घालून उभी होती.

"कुशाबा, सामान उचल," प्रमुख म्हणाला. "मैनाबाईच्या शेजारचा ओटा तुझा. मी बरोबर चालतो."

कुशाबाने मान हलवली. "नको, सरकार."

"घाबरू नकोस. मी आहे ना!"

"तुम्ही होतात म्हणूनच तर भ्यालो," कुशाबा शांतपणे म्हणाला. "आधी मठातून काही बोलणं आलं, तर आम्ही म्हणायचो, हे मठाचं आहे, नगराचं नव्हे. मैनाबाईपण हेच म्हणायची. आता ते दोघं नगराच्या मंचावर बसले, तुम्ही त्यांच्या गळ्यात हार घातलेत. आता आम्ही काय म्हणायचं? मी तिकडे गेलो तर बाईंचं दुकान जळेल. त्यांचं आता दुसरं राहिलंय तरी काय?"

प्रमुख परतला.

कुशाबाने महिनाभर एकट्याने काम करून पाहिले. आखडलेल्या बोटांनी सूत पिळले जाईना, रंग ओघळून डाग पडू लागले. अखेर दुकान बंद करून तो लेकीच्या गावी निघून गेला. मैनाबाई कोरे सूत विकत राहिली. रंगीत सुताची गिऱ्हाइके शेजारच्या नगरात जाऊ लागली.

पुढे दसऱ्याचा दरबार आला. मंच सजवणारा कारभारी प्रमुखाकडे आला आणि सहज म्हणाला, "महंत आणि स्वामींची आसनं नेहमीच्या जागीच मांडायची ना?"

'नेहमीच्या' हा शब्द ऐकून प्रमुखाने वर पाहिले. त्याला 'नको' म्हणायचे होते. तो शब्द त्याच्या जिभेवर आला आणि तिथेच थांबला. कारभाऱ्याने थोडी वाट पाहिली, त्या मौनाला होकार समजला आणि तो आसने मांडायला निघून गेला.

आसन देणाऱ्याला वाटते, आपण ते एका दिवसापुरते दिले. घेणाऱ्याला तसे कधीच वाटत नाही.